पहिली की नंतरची

"मागच्या रविवारी तूच म्हणालास, पहिलीच खरी! म्हणालास की नाही?"

"म्हणालो."

"तसली गाडी पुन्हा झाली नाही म्हणालास!"

"मागच्या रविवारी मी चुकलो होतो."

"आणि त्याच्या मागच्या रविवारी?"

"तेव्हा बरोबर होतो."

"तेव्हा तू नंतरचीचे गोडवे गात होतास, कवळी!"

"मग आजही तेच म्हणतोय. नंतरचीच चांगली. यात भांडण्यासारखं काय आहे?"

मिस्त्रीकाकांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर आपटली. टेबलावरचे तीन जबडे उडाले आणि त्यातला एक घरंगळत कडेपर्यंत गेला. मामानं तो वरच्यावर झेलला, फुंकर मारली आणि जागेवर ठेवला.

"माझ्या लोकांना धक्का लावायचा नाही," तो म्हणाला.

"ऐकलंस?" मिस्त्रीकाका माझ्याकडे वळले. "ह्याचे लोक! हा ह्याचा गोतावळा. एकालाही धड बोलता येत नाही, म्हणून ह्याचं सगळ्यांशी पटतं."

जबडे प्लॅस्टरचे होते. माझा मामा कवळ्या बनवतो. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, लांबट खोलीत त्याचं काम चालतं. तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर ओळीनं जबडे, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, मामा दात करून परत पाठवतो. चौतीस वर्षं हे चाललंय. पूर्वी खोलीत चौघं असायचे. मग डॉक्टर लोक यंत्रावर दात करून घ्यायला लागले, एकेक जण निघून गेला आणि मामा राहिला. त्याला माणसं कळतात ती अशी, नंबरावरून. हा झोपेत दात खातो. ही डावीकडनंच चावते, उजवीकडे काहीतरी जुनं दुखणं असणार. चेहरा मात्र कोणाचाच कधी पाहिलेला नाही. रस्त्यात कोणी मोठ्यानं हसलं की मामा त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. आपलं काम आहे का, एवढंच बघायचं असतं त्याला. पण लोकांना ते आवडत नाही.

भांडण गाडीचं होतं. दोन सीटची, कापडी टपाची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. सेकंडहँडच घ्यायची, कारण कंपनीनं ती बनवणं कधीच बंद केलंय. पण बंद करायच्या आधी तिची दोन रूपं निघाली. पहिलीचे दिवे नाकाच्या आत दडलेले. बटण दाबलं की झोपलेल्यानं डोळे उघडावेत तसे वर येतात. स्टिअरिंग जड, मागची काच म्हणजे चेन लावलेलं प्लॅस्टिक, आणि सगळं इतकं साधं की मिस्त्रीकाका म्हणतात, दोन पाने नि एक स्क्रूड्रायव्हर असला की अख्खी गाडी अंगणात पसरता येते. आठ वर्षांनी आली ती नंतरची. दिवे कायमचे उघडे, मागे खरी काच, स्टिअरिंग एका बोटानं फिरेल असं, दार रुंद, सीट चार बोटं उंच. जाणकार म्हणतात पहिली. शहाणे म्हणतात नंतरची. मामा दोन्ही म्हणायचा, पण एका वेळी एकच, आणि ती नेमकी मिस्त्रीकाकांच्या उलट. ते पहिलीच्या बाजूनं बोलले की ह्याला नंतरचीचे गुण दिसायचे. थकून ते म्हणाले, बरं बाबा, नंतरची तर नंतरची, की पुढच्या रविवारी ह्याला पहिलीचे डोळे आठवायचे.

दोन वर्षं हे चाललं होतं. एक्केचाळीस गाड्या बघून झाल्या होत्या.

"आज काय वाट्टेल ते होऊ दे," मिस्त्रीकाका टोपी पुन्हा डोक्यावर चढवत म्हणाले. "आज गाडी घ्यायची. गुरुवारी मी लेकीकडे चाललो, कायमचा. तुला गाडीत बसवल्याशिवाय जाणार नाही, आणि गुरुवार काही पुढे ढकलत नाही मी. लेकीनं पडदेसुद्धा लावलेत माझ्या खोलीत. आहे का काही म्हणणं?"

"पडदे कसले आहेत?"

"मला काय माहीत कसले! पडद्यासारखे पडदे!"

मामानं दिवा मालवला, खोलीला कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं.

त्यांची ओळख दातांमुळेच झाली. अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या गॅरेजात जॅकचा दांडा निसटला आणि मिस्त्रीकाकांचे खालचे चार दात गेले. डॉक्टरांनी नवे बसवले. ते टोचायला लागले. डॉक्टर म्हणाले, सवय होईल. मिस्त्रीकाका म्हणाले, मला तुमच्याशी बोलायचंच नाही, पार्ट ज्यानं बनवला त्याचा पत्ता द्या. आणि दात कागदात गुंडाळून, दोन जिने चढून, मामाच्या दारात उभे राहिले.

"हा तुझा माल?"

मामानं कागद उघडला. दात ओळखले. मग मान वर करून समोरच्या माणसाचं तोंड पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याच्या दारात आलेलं ते पहिलं तोंड. मामा मला पुढे म्हणाला होता, मी इतका गडबडलो की त्याला बसही म्हणालो नाही. तासभर घासून, परत परत लावून बघून त्यानं दात बसवून दिले. मिस्त्रीकाकांनी खिशातून संत्रं काढलं, सोललं, उभ्याउभ्या खाल्लं आणि म्हणाले, "आता बरोबर. दाब सगळीकडे सारखा पाहिजे. मीही हेच सांगतो लोकांना, चाकं बसवताना."

तेव्हापासून ते यायला लागले. आधी कामाचं निमित्त काढून, मग निमित्ताशिवाय.

मामाचं लग्न झालं नाही. होणार होतं, एकदा सोडून दोनदा, पण घरात आधी आजोबा अंथरुणाला खिळले आणि मग आजी. माझी आई सासरी, लांब. राहता राहिला मामा. आजीचं त्यानं सगळं केलं, अंघोळीपासून औषधापर्यंत, सात वर्षं. आजी गेली त्याच्या महिन्याभरानं मी त्याच्याकडे गेले होते, तर भिंतीवरचं एक घड्याळ बंद दिसलं. सेल संपलाय म्हटलं. तो म्हणाला, "काढून ठेवलाय. दोन घड्याळं होती. पूर्वी कळायचं नाही. आता दुपारी दोन्ही ऐकू येतात."

मी म्हटलं, मामा, काहीतरी छंद लाव. तो म्हणाला, हो.

गाडीचं त्यानं मला नाही, मिस्त्रीकाकांना सांगितलं. पंचविशीत असताना, बोगद्याच्या तोंडाशी बस बंद पडली म्हणून तो रस्त्याच्या कडेला उभा होता. समोरून ही बुटकी गाडी आली, आत एक माणूस आणि एक बाई, दोघं कशावर तरी हसत होते. बोगद्यात शिरताना, भर दुपारी, गाडीनं डोळे उघडले. बस्स. एवढंच. पस्तीस वर्षं त्यानं हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही असं त्याला वाटायचं.

मिस्त्रीकाकांनी ऐकलं आणि म्हणाले, "मग घेऊ की."

असे रविवार सुरू झाले. जाहिरात बघायची, फोन करायचा, मिस्त्रीकाकांच्या टेम्पोतून जायचं. मिस्त्रीकाका खालून-वरून गाडी तपासायचे, मग दोघं एक फेरी मारून यायचे, आणि सगळ्यात शेवटी मामाची परीक्षा. कवळी बसवताना वरचे आणि खालचे दात सारखे टेकतात का हे बघायला त्याच्याकडे एक निळा कागद असतो, बोटभर रुंद, कार्बन पेपरासारखा. दातांत धरून चावलं की जिथे दाब जास्त तिथे गडद निळा ठिपका उमटतो. मामा गाडीच्या दाराच्या चौकटीवर चार ठिकाणी पांढरी चिकटपट्टी लावायचा, तिच्यावर हा निळा कागद धरायचा आणि दार बंद करायचा. उघडलं की चारी पट्ट्यांवर निळं उमटलेलं. चारही ठसे सारखे, तर दार कंपनीनं बसवलेलं. एक गडद आणि एक फिका, तर गाडी कुठेतरी आपटून आलीय आणि दार मागाहून बसवलंय. पहिल्यांदा मिस्त्रीकाका पोट धरून हसले होते. पण तिसऱ्याच गाडीला कागदानं चोरी पकडली, त्यांच्या लोहचुंबकानंही नसती पकडली अशी. त्या दिवसापासून कागदाचा शब्द शेवटचा. कागद नाही म्हणाला की मिस्त्रीकाका गाडीच्या मालकाला चार शब्द सुनवायचे आणि दोघं चहा प्यायला जायचे. परत येताना पहिली की नंतरची, हा वाद.

गॅरेज विकलं त्याच्याबरोबर टेम्पोही गेला. म्हणून या रविवारी गाडी माझी होती आणि चालवणारीही मी. मिस्त्रीकाका पुढे, कारण त्यांचा उजवा खुबा कामातून गेलाय. मामा मागे, गुडघे हनुवटीला लावून.

"तिथे तुला दोघीही बघायला मिळतील," मिस्त्रीकाका मागे वळून म्हणाले. "एकाच घरात पहिली पण आणि नंतरची पण. पळवाटच नाही ठेवली तुला."

"कोण आहे मालक?"

"बाई आहेत. पोहायला शिकवायच्या. फोनवर बोलल्या तर माझ्या कानाचे दडे सुटले."

"गाडीचं पाण्याशी काय नातं असेल, ते आधी बघायला पाहिजे," मामा म्हणाला. "गंज."

"बघ! गाडी दिसायच्या आधी ह्याला गंज दिसला!"

घर गावाच्या टोकाला होतं. फाटक, विटांचं अंगण आणि पत्र्याच्या शेडखाली दोन्ही गाड्या, शेजारी शेजारी. पहिली लाल, नंतरची गडद हिरवी. अंगणात बाई उभ्या होत्या, सत्तरीच्या, खांदे अजून रुंद.

"या! चपला राहू द्या! दोनातली एक घेऊन जायची, दुसरी मी ठेवणार!" त्या तलावाच्या दुसऱ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "लाल माझी. हिरवी माझ्या भावाची, तो परदेशी गेला. दोन गाड्या आणि एकटी मी, आलटून पालटून चालवायची तरी किती? मला दोन्ही सारख्याच. तुम्ही निवडा."

"बाई, तुमचं कोणतीवर जास्त प्रेम?" मिस्त्रीकाकांनी विचारलं.

"ते सांगितलं तर तुम्ही भाव पाडाल."

मिस्त्रीकाका खूश झाले. शर्टाच्या बाह्या दुमडून ते अंगणात आडवे झाले, खुब्याला एक शिवी दिली आणि लाल गाडीखाली अर्धे दिसेनासे झाले. दाराखालच्या पत्र्यावर ते बोटाच्या पेरानं वाजवून बघतात, दाराची कडी वाजवावी तसं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवतात. पुट्टी भरून रंगवलेल्या जागी ते चिकटत नाही. लालवर सगळीकडे चिकटलं. हिरवीवरही. तासाभरानं ते उठून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या गॅरेजात फक्त एकदा पाहिलं होतं, नातू झाल्याचा फोन आला तेव्हा.

"कवळी," ते हळू आवाजात म्हणाले, "दोन्ही गाड्या बिनचूक आहेत. मी असं कधी पाहिलं नाही. आता तुझी काय हौस असेल ती कर."

मामाला घाम फुटला होता. मला वाटलं, आनंदानं.

दोघं लाल घेऊन फेरीला गेले. बाईंनी मला चहा दिला आणि फाटकातून रस्त्याकडे बघत राहिल्या. दहा मिनिटांत गाडी परत आली. अंगणात शिरताना मामानं बटण दाबलं आणि दिवे वर आले. बाई टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. मामा उतरला. मिस्त्रीकाका उतरेनात.

"काका?"

"थांब ग. ही सीट आहे का विहीर?"

मामा वळसा घालून त्यांच्या बाजूला गेला आणि दोन्ही हात पुढे केले. हे त्यांचं ठरलेलं असावं. मिस्त्रीकाकांनी एक पाय बाहेर टाकला, मामाची मनगटं धरली, एक, दोन, आणि तीनला ओरडून उभे राहिले. मामानं त्यांचा हात लगेच सोडला नाही. पाय घट्ट रोवला गेला हे बघितलं आणि मग सोडला.

हिरवीतून ते फेरी मारून आले, तेव्हा मामा वळसा घालून पोचायच्या आत मिस्त्रीकाका आपले आपण बाहेर उभे होते. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "अरे!" ते म्हणाले. "पण मजा लालचीच. तुझं काय ते बोल."

"कागद राहिलाय," मामा म्हणाला.

"आज कागद कशाला? सांगतोय ना मी!"

"शेवटी कागद. दोन वर्षांत कधी चुकवला नाही."

त्यानं निळ्या कागदांचं पाकीट काढलं. लालच्या दाराच्या चौकटीवर चार पट्ट्या लावल्या, वर दोन, खाली दोन. एकेक करत निळा कागद धरला आणि दार लावलं. बाई उत्सुकतेनं वाकून बघत होत्या. तीन पट्ट्यांवर निळं सारखं. चौथ्या पट्टीवर, खाली बिजागरीपाशी, गडद काळपट डाग.

"दार बसवलंय," मामा म्हणाला. तो हे गाडीकडे बघत म्हणाला. "मागाहून."

"काय बसवलंय?" बाईंचा आवाज चढला. "ही गाडी मी कोरी घेतली! माझ्याशिवाय तिला कोणी हात लावलेला नाही, आणि मी कधी कशावर आपटलेली नाही! साधी सायकलसुद्धा नाही!"

मिस्त्रीकाकांनी सवयीनं तोंड उघडलं. बहुतेक बाईंना चार शब्द सुनवणारच होते. मग ते थांबले. गाडीकडे बघितलं, चुंबकाकडे बघितलं. "दे तो कागद," ते म्हणाले.

"कशाला?"

"दे रे. दोन वर्षांत मी एकदाही केलं नाही. शेवटचं करून बघतो."

"तुला जमायचं नाही. हाताला सवय लागते."

"दार लावायला सवय?"

मामानं पाकिटातून नवा कागद काढून दिला. मिस्त्रीकाकांनी बिजागरीपाशी नवी पट्टी लावली, कागद धरला, दार लावलं, उघडलं. फिकट, सारखा, स्वच्छ निळा ठसा.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तसाच.

मग त्यांनी मामापुढे हात पसरला. मामाची मूठ बंद होती. मिस्त्रीकाकांनी घाई केली नाही. अखेर मूठ उघडली, आणि मगाचा वापरलेला कागद त्यांच्या तळहातावर पडला. त्याचं एक टोक आत मुडपलेलं होतं. दुहेरी नव्हे, चौपदरी, नखानं दाबून. दुमडलेल्या जागी दाब जास्त पडणार, डाग गडद उमटणार. हे जगात फार तर कवळ्या करणाऱ्याला सुचेल.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी कपाकडे.

"हिरवीलाही हेच करणार होतास?" मिस्त्रीकाकांनी विचारलं.

"हो."

"किती गाड्यांना केलंस?"

मामानं हातातलं पाकीट उलटंपालटं केलं.

"कवळी, मी विचारतोय. त्या पांढरीला?"

"हो."

"ती नदीपलीकडची? शाळेजवळची?"

"नदीपलीकडची खरंच वाईट होती."

"आणि पिवळी? पोस्टातल्या म्हाताऱ्याची?"

मामानं मान हलवली.

"हो की नाही?"

"हो."

मिस्त्रीकाका अंगणातल्या कट्ट्यावर बसले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्या माणसाला मी खोटारडा म्हणालो," ते म्हणाले. "त्याच्या सुनेच्या देखत. तो हात जोडून सांगत होता, अहो नाही आपटली, नाही आपटली. मी म्हणालो, आजोबा, या वयात तरी. असं म्हणालो मी. त्याच्या दारात उभं राहून. चाळीस वर्षं लोक माझ्या शब्दावर गाड्या घेतात. आणि मी तुझ्या कागदावर एका म्हाताऱ्याला चोर ठरवून आलो."

"मी त्यांना पत्र लिहीन."

"गप बस."

"खरंच लिहीन."

"गप बस म्हणतो ना! कधीपासून चाललंय हे?"

"सोळाव्या गाडीपासून," मामा म्हणाला. त्याला आकडा शोधावा लागला नाही. "ती चांगली होती. तू गाडीखालून बाहेर आलास आणि म्हणालास, घेऊन टाक. मी तयारही होतो, फोन काढला होता पैसे द्यायला. मग वाटलं, घेतली तर?"

"घेतली तर काय? चालवली असतीस!"

"आणि पुढच्या रविवारी?"

मिस्त्रीकाकांनी मांडीवरची टोपी फिरवली.

"तू गाडी बघायला यायचास," मामा म्हणाला. तो विटांकडे बघून बोलत होता आणि मध्येच थांबत होता, जणू दुसऱ्याचं लिहिलेलं वाचतोय. "नुसता ये, असं कसं म्हणायचं? नुसतं म्हणून कोण येतं? तुझं गॅरेज होतं, लेक होती, नातू. तुला शंभर कामं. गाडी घ्यायची आहे म्हटलं की तू रविवार मोकळा ठेवायचास. शनिवारी रात्री फोन करायचास, उद्या कुठे जायचं, म्हणून. आणि मग वाद. पहिली घेऊ म्हटलं असतं एकदा ठामपणे, तर वादही संपला असता."

"म्हणून तू दर खेपेला बाजू बदलायचास."

"हो."

"मला वाटायचं, ह्याला खरंच कळत नाही. मी रात्र रात्र पुस्तकं काढून वाचायचो, तुला पटवायला!"

"मला माहीत आहे. मीपण वाचायचो. तुझ्या उलट बोलायला."

एरवी यावर मिस्त्रीकाका छत उडेल असे हसले असते. या वेळी त्यांनी फक्त हनुवटी चोळली. खालचे दात ओठाआड दिसत होते, मामानं केलेले, सगळीकडे सारखे टेकणारे.

बाईंनी घसा साफ केला. आपल्या परीनं हळू आवाजात, म्हणजे शेजारच्या घरात ऐकू जाईल इतपत, त्या म्हणाल्या, "नसेल घ्यायची तर राहू द्या. मला काही घाई नाही. आणि लालला काही झालेलं नाही, एवढं मान्य करा म्हणजे झालं."

"लालला काही झालेलं नाही," मामा म्हणाला. "माफ करा. दोन्हींना काही झालेलं नाही." मग त्यानं हातातलं पाकीट खिशात टाकलं आणि सरळ उभा राहिला. "हिरवी घेतो."

"हिरवी?" मी म्हणाले. न राहवून. बोगद्यापाशी डोळे उघडणारी ती पहिली होती, नंतरची नव्हती. पस्तीस वर्षं त्यानं जी मनात धरली होती, ती समोर उभी होती, बिनचूक, आणि अजून तिचे दिवे वरच होते.

"नंतरची. हो."

"कारण सांग," कट्ट्यावरून मिस्त्रीकाका म्हणाले. "आता वाद नको. खरं कारण सांग. तुला लाल आवडली. फेरी मारताना तू गात होतास."

"गात नव्हतो."

"नाकातल्या नाकात गात होतास. कारण सांग."

"लालमध्ये तुला बसता-उठता येत नाही."

"मला?" मिस्त्रीकाकांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी गुरुवारी चाललोय. मला कशाला बसायचंय तुझ्या गाडीत?"

मामा दोन पावलं पुढे आला. मध्येच थांबला. त्याचे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. शेवटी ते त्यानं हिरवीच्या बॉनेटवर ठेवले.

"मागची खोली रिकामी आहे," तो म्हणाला. "आईची. सकाळी ऊन येतं. पायऱ्या नाहीत. न्हाणीघरात धरायला दांडा आहे, मी तेव्हाच बसवला होता, पक्का आहे. लेकीकडे जायचं तर महिन्यातून दोनदा जाऊ, तीन तासांचा रस्ता आहे, तू नातवाला गाडीतून फिरवून आण. सीट दोनच आहेत, तेवढा वेळ मी घरी थांबेन." त्यानं बॉनेटवर अंगठा घासला. "पडदे नाहीत खोलीला. पण लावता येतील. राहतोस का?"

बाई शेडच्या खांबाकडे बघायला लागल्या.

मिस्त्रीकाकांनी मांडीवरची टोपी उचलली. तिच्या आत पाहिलं, कडेची धूळ अंगठ्यानं झटकली. कट्ट्याला हात टेकून ते उठले, मामा पुढे व्हायच्या आत, एकटेच, कण्हत. खुब्यावर हात ठेवून, एक पाय ओढत, त्यांनी विटांचं अंगण ओलांडलं. दोन्ही गाड्यांच्या मधून गेले आणि एकीकडेही बघितलं नाही. फाटक उघडलं. टोपी घातली.

माझी गाडी फाटकाच्या उजव्या हाताला उभी होती. ते डावीकडे, बसथांब्याच्या दिशेनं वळले.